अ‍ॅम्प्लिफायरच्या मागची चार भोकं

हे आखातात गेले तेव्हा आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि वाशीच्या घरात राहायला येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. 'हे' म्हणजे माझे मिस्टर. नवऱ्याचं नाव घ्यायला माझी जीभ तेव्हाही धजत नसे, पुढेही धजली नाही, म्हणून इथेही 'हे'च राहू दे.

आमची बिल्डिंग चार मजल्यांची, खाडीच्या बाजूला अगदी शेवटची. पलीकडे नुसती भराव घातलेली मोकळी जमीन, मग खारफुटी, मग पाणी. घरं सगळी विकली गेलेली, पण राहायला आलेली माणसं मोजकीच. बाकीच्यांनी घर घेऊन ठेवलं होतं आणि वसाहत भरायची वाट बघत ते मुंबईतच बसले होते. आमच्या मजल्यावर आमचं एकच दार उघडं, बाकी सगळ्या दारांना कुलपं. खाऱ्या वाऱ्याने त्या कुलपांना गंज चढला होता. जिन्यात पावलं वाजली की ती आपल्याकडेच येणार हे ठरलेलं, आणि तसं फार वेळा होत नसे.

हे वायरमन होते. ठाणे-बेलापूर रोडवरची ह्यांची कंपनी बंद पडली, काही महिने इकडेतिकडे काम शोधण्यात गेले, आणि मग करारावर बाहेर जायचं ठरलं. तिथे एका मोठ्या साइटवर जनरेटर आणि कॉम्प्रेसर सांभाळायचं काम. पण ह्यांचा खरा जीव गिटारमध्ये. रत्नागिरीकडच्या आमच्या भागातून मुंबईला आलेल्या मुलांची एक गायन पार्टी होती. एप्रिलमध्ये, जयंतीच्या महिन्यात, तिला श्वास घ्यायला फुरसत नसे. आज चेंबूर, उद्या पनवेल, परवा मुरबाड. पेटी, ढोलक, मागे कोरस, आणि एका कडेला मान खाली घालून उभे असलेले हे, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार. गाणाऱ्याने कडवं संपवलं की मधली जागा हे भरून काढत आणि मंडपातली पोरं शिट्ट्या मारत. मी बायकांमध्ये बसून बघत असे. घरी हा माणूस चहात साखर कमी पडली तरी बोलून दाखवत नसे.

गिटारबरोबर एक अ‍ॅम्प्लिफायर होता, एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून घेतलेला. पार्टीतले सगळे त्याला 'मशीन' म्हणत. जुन्या रेडिओसारखं काचेच्या व्हॉल्व्हचं, चांगलं जड, दोन माणसांनी उचलायचं. मशीन वेगळं आणि स्पीकरचा बॉक्स वेगळा. मशीनच्या मागे पत्र्यावर एका ओळीत चार भोकं होती, सगळी एकसारखी. दोन भोकांतून आवाज आत जायचा, दोनांतून बाहेर पडायचा. खाली लिहिलेली अक्षरं केव्हाच गेली होती, कारण ऑर्केस्ट्रावाल्यांनी वरून काळा रंग मारला होता. ह्यांना सगळं पाठ. जाताना ह्यांनी वायरी काढल्या, नीट गुंडाळून कापडी पिशवीत ठेवल्या आणि मशीनवर जुनी चादर टाकली. हात लावू नकोस, असं काही म्हणाले नाहीत. म्हणायची गरजच वाटली नसेल.

मी स्वतः त्याच रोडवरच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, बोर्डावर भोकांच्या रांगा आणि हातात कॉर्डा. बाहेरून फोन आला की पिन एका भोकात, मागितलेल्या माणसाची पिन दुसऱ्या भोकात. दिवसभर शेकडो माणसं माझ्या कानाशी बोलत आणि त्यातलं एकही माझ्याशी बोलत नसे. "होल्ड करा", "लाइन बिझी आहे", "बोला सर", एवढंच माझं बोलणं. साहेब लोकांचे परदेशचे कॉलही मीच लावून द्यायचे. पलीकडून आखातातला कोणी 'हॅलो' म्हणाला की माझा हात क्षणभर पिनेवरच राहायचा. मग मी माझा कान काढून घ्यायचे.

ह्यांची कॅसेट यायची. पत्र लिहायचा ह्यांना कंटाळा, पण तिथे गेलेली सगळीच माणसं कॅसेट भरून पाठवत. कोणी सुट्टीवर येणारा आणून द्यायचा, नाहीतर पोस्टाने. ह्यांनी जायच्या आधी घेतलेला छोटा टेपरेकॉर्डर होता, त्यावर मी ती ऐकायचे. जेवताना, केस विंचरताना, तांदूळ निवडताना. ह्यांचा आवाज त्या डबड्यातून अगदी पत्र्यासारखा यायचा. छातीतून येणारा जो आवाज असतो ना, तो सगळा कुठेतरी वाटेत गळून पडायचा.

एका रविवारी दुपारी माझ्या डोक्यात आलं की हा आवाज मशीनमधून ऐकावा. ह्यांच्या मशीनमधून ह्यांचाच आवाज. मोठ्या स्पीकरवर तो घरात असल्यासारखा तरी वाटेल. कापडी पिशवीत एक वायर मिळाली, तिला एका टोकाला जाड पिन आणि दुसऱ्याला बारीक. टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकात ती बरोबर बसली. दुसरी वायर स्पीकरच्या बॉक्सची. जाड पिना हातात घेतल्या तेव्हा मला हसूच आलं, कारण त्या हुबेहूब माझ्या बोर्डावरच्या पिनांसारख्या होत्या. ह्यात काय अवघड आहे, असं वाटलं. माझ्या बोर्डावर पिन चुकीच्या भोकात गेली तर फार तर स्टोअरमधल्या माणसाला जनरल मॅनेजरची बायको ऐकू येते.

मी अंदाजाने दोन्ही पिना लावल्या आणि बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. कॅसेट चालू केली. काहीच नाही. मोठा बॉक्स मुका. आवाजाचं बटण फिरवत गेले, शेवटपर्यंत फिरवलं. "अहो, बोला की," असं मी मोठ्याने म्हटल्याचंही आठवतं. तेवढ्यात टेपरेकॉर्डरमध्ये टक् असं झालं आणि कॅसेटच्या झाकणाच्या फटीतून धूर आला. मी घाबरून त्याची वायर मशीनमधून ओढून काढली. त्या झटक्यात पायाचा धक्का स्पीकरच्या बॉक्सला लागला आणि मशीनच्या जाळीआड निळी ठिणगी कडाडली. मग सगळंच विझलं.

मी आधी टेपरेकॉर्डरचं झाकण उघडून कॅसेट बाहेर काढली. ती गरम होती, पण फीत शाबूत होती. ती पदरात घेऊन मी जमिनीवर बसून राहिले. घरात जळक्या लाखेसारखा वास भरला होता. मग भिंतीवरचं बटण बंद करायचं सुचलं.

दारावर थाप पडली. वाशीगावातली मासळीवाली मावशी होती. रविवारी ती उरलेली मासळी घेऊन परत जाताना माझ्याकडे चढायची. आमच्या बिल्डिंगमध्ये आपणहून माझं दार वाजवणारी तीच एक.

"काय गो बाय, जललं का काय? खालपरत वास येतंय."

मी तिला मशीन दाखवलं, टेपरेकॉर्डर दाखवला, आणि सांगता सांगता मला रडू फुटलं. तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि उंबऱ्यातच बसली.

"नवऱ्याचा हाय म्हून रडतेस का म्हागाचा हाय म्हून?"

"त्यांचा आवाज ऐकायचा होता," मी म्हटलं.

ती म्हणाली, "आमचे घरा टेप हाय. पोराचे हलदीला आनलाय. तू ने. पन मांडव पडायचे आधी परत दे, नाय तं पोर मना घराबाहेर काढील."

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी गावात जाऊन तो मोठा टेप घेऊन आले. त्यावर कोरी कॅसेट भरली. काय केलं, कोणती पिन कुठे लावली असावी, काय दिसलं, कसला वास आला, सगळं सांगितलं. सांगताना मध्येच थांबले तर कॅसेट तशीच फिरत राहायची, म्हणून घाईघाईने बोलत गेले. शेवटी म्हटलं, "मशीन गेलं असेल तर तसं सरळ सांगा." कंपनीतल्या एका क्लार्कचा भाऊ तिकडे जाणार होता, त्याच्याबरोबर ती पाठवली.

मग वाट बघणं. त्या दिवसांत मला मशीनकडे बघवत नसे. चादर पुन्हा टाकली होती तरी तो कोपरा डोळ्याला टोचायचा. स्वयंपाक एका माणसाचा, तोही कधी केला, कधी पाव आणून भागवलं. संध्याकाळी गॅलरीत उभी राहिले की खालच्या रस्त्यावरून कांदा-बटाटा मार्केटचे ट्रक जायचे. ते गेले की खाडीकडून फक्त वारा. ऑफिसात दिवसभर इतके आवाज ऐकलेले असायचे की घरच्या शांततेने कानात दडे बसायचे.

पावसाळा संपत आला तेव्हा ह्यांची कॅसेट आली. सुरुवातीला बराच वेळ नुसता कूलरचा आवाज. मग ह्यांनी घसा साफ केला.

"आधी मला हे सांग, तुला शॉक नाही ना बसला? तू सगळं सांगितलंस, हे सांगितलंच नाहीस."

मी टेप बंद केला. तोंड धुऊन आले, आणि मग पुढे ऐकलं.

"आता झालं काय ते ऐक. तू दोन्ही पिना उलट्या लावल्यास. स्पीकर लावलास आवाज आत जायच्या भोकात, आणि टेप लावलास बाहेर पडायच्या भोकात. स्पीकरला आत जोडलं की तो माइक होतो. खरंच सांगतो. म्हणजे तू तिथे जे काही बोललीस ते स्पीकरने ऐकलं, मशीनने मोठं केलं आणि त्या बिचाऱ्या टेपरेकॉर्डरच्या बोडक्यावर नेऊन घातलं. तो जाणारच. तो गेला, विसर. पण तू वायर उपटलीस तेव्हा मशीन पूर्ण जोरात होतं आणि बाहेर ओझं काहीच नाही. व्हॉल्व्हच्या मशीनला ते चालत नाही. त्याला स्पीकर लागतोच. आवाजाला जायला वाट नसली की तो आतच कुठेतरी फुटतो. ठिणगी कुठे उडाली त्यावर सगळं आहे. सॉकेटवर उडाली असेल तर वाचलं. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात उडाली असेल तर गेलं. आपण बघू."

'आपण बघू' म्हणाले. आणि पुढची सगळी कॅसेट तशीच होती. हे एकेक काम सांगत आणि मग म्हणत, "कर. मी थांबतो." आणि खरंच थांबत. टेप चालू ठेवून, न बोलता. ह्यांना वाटलं असावं की मी कॅसेट लावून मशीनपाशी बसेन आणि हात चालवेन. पॉझचं बटण असतं हे वायरमन माणसाला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी ह्यांनी तसं केलं.

पुढच्या रविवारी सकाळी मी सगळं आवरून बसले. प्लग काढलेला होताच. हे म्हणाले होते की प्लग काढला तरी आत वीज साठून राहते, तेव्हा आधी कपाटातला वायर बांधलेला पेचकस घे, त्याची क्लिप पत्र्याला लाव आणि मी सांगतो तिथे टेकव. "आणि डावा हात मागे. साडीला खिसा नसतो, तर कमरेवर ठेव. एकाच हाताने काम. कर. मी थांबतो."

मी केलं. काही झालं नाही.

मग स्पीकर. टॉर्चमधला एक सेल काढून त्याची दोन टोकं स्पीकरच्या वायरीला लावायची. "टुक वाजलं तर जिवंत आहे." टुक वाजलं. एवढासा आवाज, पण मला एकदम धीर आला.

मग व्हॉल्व्ह एकेक करून काढायचे, न वाकवता सरळ वर ओढायचे, आणि सॉकेटची भोकं टॉर्चने बघायची. एका सॉकेटवर दोन भोकांच्या मध्ये पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ होती. ह्यांनी जे सांगितलं होतं तेच ते. ठिणगी तिथून गेली होती. ती रेघ स्पिरिट लावून जुन्या टूथब्रशने घासायची, पार जाईपर्यंत, कारण काळं राहिलं तर पुन्हा तीच वाट धरेल. मी घासत बसले.

मग शेवटचं, ट्रान्सफॉर्मर. ह्यांचं मीटर कपाटात होतं. मधली लाल वायर आणि एक बाजू, मग लाल वायर आणि दुसरी बाजू. दोन्ही वेळा काटा जवळजवळ सारखाच हलला पाहिजे. एका बाजूला नुसता पडून राहिला तर आतली तार तुटली. "घाई करू नकोस. टोकं घट्ट दाब. कर. मी थांबतो."

पहिल्यांदा काटा हलला. दुसऱ्यांदाही हलला, जवळपास तिथेच जाऊन थांबला. मी पुन्हा बघितलं. मशीन वाचलं होतं.

टेप चालूच होता. माझं काम झालं होतं, पण हे अजून थांबलेले होते. मी मीटर खाली ठेवून ती शांतता ऐकत बसले. मला ती संपायला नको होती. कूलर घरघरत होता. लांब कुठेतरी भांड्यांचा आवाज. मग दाराशी कोणीतरी हाक मारली, "भाई!" हे गप्प. पुन्हा, जरा जवळून, "ओ भाई! चाय!" हे गप्पच. तिसरी हाक इतकी जवळून आली की टेपमध्ये ती फाटली. मग धपकन हात पाठीवर पडल्यासारखा आवाज झाला आणि हे दचकून म्हणाले, "अरे! कब आया? आवाज तो दे!"

"कितनी बार दिया, भाई," तो दुसरा म्हणाला.

मी कॅसेट मागे घेतली आणि तेवढाच भाग पुन्हा ऐकला. मग अजून एकदा. पहिल्यांदा सगळी कॅसेट ऐकली तेव्हा माझं लक्ष भोकांकडे आणि वायरींकडे होतं. हे माझ्या कानावरून गेलं होतं. आता मी उठून कपाटातून ह्यांच्या जुन्या कॅसेटी काढल्या. तिकडे गेल्यावर पाठवलेली पहिली कॅसेट लावली. मग मधली. मग ही. मी ऑपरेटर होते, मला ते लगेच कळायला हवं होतं. ज्याला कमी ऐकू येतं तो माणूस फोनवर मोठ्याने बोलतो, आपण मोठ्याने बोलतोय हे त्याला कळत नाही. पहिल्या कॅसेटमध्ये हे नेहमीसारखे दबक्या आवाजात होते. ह्या कॅसेटमध्ये हे मला सांगत होते, पण सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं.

दिवसभर मोठमोठ्या कॉम्प्रेसरशेजारी उभं राहायचं काम. ह्यांनीच एका कॅसेटमध्ये हसत सांगितलं होतं की तिथे आम्ही खुणांनी बोलतो.

दुपारी मावशी आली. मशीनला वीज द्यायची बाकी होती आणि ते काम एकटीने करू नकोस, असं ह्यांनी बजावलं होतं. नवीन फ्यूज घातला होता. ह्यांनी सांगितल्याप्रमाणे मशीनकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत मोठा बल्ब जोडला होता. बल्ब झगझगीत पेटून तसाच राहिला तर आत काहीतरी चिकटलंय, आणि पेटून मंद झाला तर ठीक. मी मावशीला भिंतीवरच्या बटणापाशी उभं केलं.

"मी 'बंद' म्हटलं की बटण बंद करायचं."

"आनि तू कायच नाय बोललीस तं?"

"तर आधी बंद करा आणि मग माझ्याकडे बघा."

तिने बटणावरचं बोट काढलंच नाही. बल्ब भपकन पेटला, मावशी "आय गो!" म्हणाली, आणि मग तो हळूहळू निवत गेला, देवळीतल्या दिव्याएवढा झाला. व्हॉल्व्ह लाल झाले. ह्या वेळी मी स्पीकरची पिन बरोबर भोकात लावली होती, दोनदा बघून. ह्यांची गिटार काढली, लावली, आणि जाड तारेवर अंगठा फिरवला. रिकाम्या बिल्डिंगभर तो आवाज घुमला. मावशी दोन्ही कानांवर हात ठेवून हसत सुटली. "बाय गो, मुडदा उठल ना!" मग म्हणाली, "अजून एकदा कर."

मी केलं. तिच्यासारखं हसू मला येत नव्हतं, आणि तिने ते बघितलं.

"काय झाला? चालू झाला ना?"

"चालू झालं," मी म्हटलं. "मावशी, त्यांना ऐकू येईनासं झालंय."

तिने मला कसं कळलं ते विचारलं. मी कॅसेटचा तो भाग लावून दाखवला. तिला हिंदी फारशी येत नव्हती, पण हाका तिने मोजल्या नाहीत तरी ऐकल्या. बराच वेळ ती पाटीवरचं फडकं सारखं करत बसली. मग म्हणाली, "माजे घरवाल्याला डोल्यांनी दिसत नव्हता, त्यानी मना दोन वरसा सांगला नाय. होडी घेऊन जायाचा. बाप्ये सांगत नाय गो. तूच विचार."

मी विचारलं. टेप परत करायच्या आधी त्यावरच कॅसेट भरली. मशीन ठीक आहे, सॉकेट घासलं, काटा दोन्हीकडे सारखा हलला, सगळं सांगितलं. आणि मग सावकाश, माझ्या बोर्डावर बोलते तसं स्वच्छ बोलून विचारलं, "तुम्हाला ऐकायला कमी येतंय का?"

उत्तराची कॅसेट मी मावशीच्या घरी जाऊन त्याच टेपवर ऐकली. तीत ह्यांनी माझी एवढी तारीफ केली की विचारू नका. पार्टीतल्या पोरांना सांग म्हणाले, मशीन आता वहिनी दुरुस्त करते. टूथब्रशचं ऐकून कॅम्पमधले लोक कसे हसले ते सांगितलं. उन्हाचं सांगितलं, जेवणाचं सांगितलं. माझ्या प्रश्नाबद्दल एक अक्षर नाही. बहुतेक ह्यांनी तो ऐकलाच असेल. नसेलही ऐकला. हे मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि तेच जास्त लागलं.

मी कंपनीच्या सेफ्टी स्टोअरमधल्या माणसाला विनवून कानावर लावायच्या जाड कॅपांची एक जोडी मिळवली आणि पार्सल केली. मिळाली, असं हे पुढच्या कॅसेटमध्ये म्हणाले. वापरतो, असं म्हणाले नाहीत.

करार संपल्यावर हे परत आले. विमानतळावर गर्दीतून मी हाक मारली तेव्हा हे शेजारच्या माणसाकडे बघून हसत होते. मी पुढे जाऊन दंडाला हात लावला. दंडाला हात लावूनच बोलायचं, हे मी तिथल्या तिथे शिकले आणि आयुष्यभर केलं.

मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तपासणीला नेलं. काचेच्या खोलीत ह्यांना बसवलं, कानाला हेडफोन लावला आणि सांगितलं, आवाज ऐकू आला की बोट वर करा. मी काचेबाहेर बाकावर होते. तिथली मुलगी एकेक बटण दाबत होती. आधी ह्यांचं बोट पटापट वर जात होतं. मग उशिरा जाऊ लागलं. मग हे नुसते समोर बघत बसले, शाळेतल्या मुलासारखे अगदी ताठ, बोट वर करायच्या तयारीत, आणि ती मुलगी बटण दाबत होती. किती वेळ ते तसं चाललं होतं. मला उठून काचेवर टकटक करावंसं वाटलं.

डॉक्टर म्हणाले की बारीक, उंच आवाज गेले आहेत. ते परत येत नाहीत. उरलंय ते जपा.

परतताना बसने खाडीचा पूल ओलांडला. मग हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला वाटायचं, कॅसेटच खराब येतात. तुझा आवाज असा फडक्यात गुंडाळल्यासारखा यायचा." पुढे म्हणाले, "तू विचारलंस तेव्हा कळलं."

पार्टीत हे पुन्हा गेले, एका जयंतीला. मी नेहमीसारखी बायकांमध्ये होते. ह्यांची गिटार कर्कश लागत होती, सुया टोचाव्यात तशी. स्वतःला ऐकू यावेत म्हणून ह्यांनी मशीनवरचे उंच, बारीक सूर पार वाढवून ठेवले होते. गाणारा मध्येच मागे वळून बघायचा. कोणी काही बोललं नाही, सगळ्यांचा ह्यांच्यावर जीव होता. पण पुढच्या वर्षी हेच गेले नाहीत. मशीन पार्टीलाच देऊन टाकलं. पोरं न्यायला आली तेव्हा ह्यांनी पांढऱ्या ऑइल पेंटने मागच्या चारी भोकांखाली नीट अक्षरं काढून दिली आणि प्रत्येकाकडून वाचून घेतली.

तोवर बिल्डिंग भरत आली होती. मजल्यावरची कुलपं गेली, जिन्यात पोरांचा दंगा सुरू झाला, गणपतीत सोसायटीचा लाउडस्पीकर लागू लागला. लोक म्हणायचे, आता इथे वस्ती वाटते. आमच्या घरात मात्र बोलणं कमी होत गेलं. भांडण नव्हतं. एकच गोष्ट तीनदा सांगायची तर माणूस फक्त गरजेचंच सांगतो. पाऊस येईल असं वाटतंय, किंवा आज ऑफिसात काय गंमत झाली, असलं तीनदा सांगण्यासारखं नसतं. ते मी सांगेनाशी झाले, आणि हे विचारेनासे झाले.

गिटार राहिली होती. संध्याकाळी हे ती घेऊन गॅलरीत बसत, कशालाही न जोडता. इलेक्ट्रिक गिटारला पोट नसतं, नुसत्या तारा वाजवल्या तर शेजारच्या खोलीतही धड ऐकू येत नाही. हे हनुवटी गिटारच्या लाकडाला टेकवून, डोळे मिटून वाजवत. लाकडातून हाडात काहीतरी पोचत असावं. मी आत पोळ्या लाटत असायचे. लाटणं थांबवलं तर ते ऐकू यायचं, अगदी बारीक, चुकलं असेल तिथे चुकलेलं आणि जमलं असेल तिथे जमलेलं. मग तवा तापलेला असायचा आणि मी पुन्हा लाटायला लागायचे.